ऑनर्सची पदवी की मोठ्या कॉलेजचे नाव? प्रवेशाआधी पालकांना उत्तरे हवीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की आमच्यासारख्या घरांत महिना-दीड महिना एकच विषय चालतो. मुलीला इथल्याच कॉलेजात चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला घालावे, की पुण्या-मुंबईच्या किंवा दिल्लीच्या नामांकित कॉलेजात पाठवावे? मी डिचोली तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. मला दोन मुली आहेत आणि हा प्रश्न आमच्या घरात दुसऱ्यांदा आला आहे. पहिल्या वेळी आम्ही त्यावर विचारच केला नव्हता, म्हणून या वेळी जे शिकलो ते आपल्या दैनिकाच्या वाचकांपुढे मांडावे आणि त्याच निमित्ताने गोव्यातल्या कॉलेजांकडे एक मागणी करावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

थोरलीला बारावीला चांगले गुण पडले, परराज्यातल्या एका जुन्या, नावाजलेल्या कॉलेजच्या यादीत तिचे नाव लागले आणि वाड्यावर पेढे वाटून झाल्यावर 'नको' म्हणण्याची कुणाची छाती झाली नाही. विषय इतिहास होता. वर्गात शंभराच्या वर मुले होती. वसतिगृहात जागा न मिळाल्यामुळे एका खोलीत चौघींमध्ये खाट घ्यावी लागली आणि तिचे भाडे माझ्या पगारातून जात राहिले. त्या कॉलेजचे नाव इथे लिहिण्याची गरज नाही, कारण तशी कॉलेजे पुष्कळ आहेत आणि तिथे कुणी तिच्याशी वाईट वागलेही नाही. तिच्याकडे पाहायला कुणाला वेळच नव्हता, एवढेच. पदवी घेऊन ती घरी परतली, गोवा विद्यापीठात एम.ए.ला गेली, आणि शिकणे म्हणजे काय ते तिला तिथे कळले, असे ती स्वतःच सांगते.

तिच्या टेबलाच्या खणात दोन लिखाणे एकत्र टाचून ठेवलेली आहेत. पहिला तिसऱ्या वर्षाचा निबंध आहे, अकरा पानांचा. शेवटच्या पानावर बरोबरची खूण, '१४/२०' आणि तारीख. आधीच्या दहा पानांवर पेनाचा ठिपकासुद्धा नाही. दुसरा तिच्या एम.ए.च्या प्रबंधातल्या पहिल्या प्रकरणाचा कच्चा मसुदा आहे. त्याच्या समासात शिसपेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिले आहे, 'हा आकडा कुठून घेतलास?', 'मूळ कागद पाहिलास की कुणाच्या पुस्तकातून उचललास?', 'हे वाक्य तुझे वाटत नाही, पुन्हा लिही.' एका पानावर तर मजकुरापेक्षा समासच जास्त भरलेला आहे. तो मसुदा परत मिळाला त्या दिवशी ती रडली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या कदंबच्या बसने पणजीला पुराभिलेख खात्यात गेली आणि मूळ कागद काढून बसली. ज्या विषयावर तिने परगावच्या कॉलेजात दुसऱ्यांच्या पुस्तकांवरून निबंध लिहिले, त्याच विषयाची पोर्तुगीज आणि मोडीतली मूळ दफ्तरे आमच्या घरापासून बसने तासाभराच्या अंतरावर होती, आणि तीन वर्षांत हे तिला कुणी सांगितले नव्हते.

हा सगळा इतिहास सांगण्याचे कारण असे की आता धाकटीच्या वेळी आम्ही 'ऑनर्स' या शब्दाचा अर्थ शोधायला बसलो, तेव्हा लक्षात आले की तो शब्द प्रत्येक जण वेगळ्या अर्थाने वापरतो आहे. दिल्ली विद्यापीठात वर्षानुवर्षे तीन वर्षांच्या पदवीलाच ऑनर्स म्हणत, म्हणजे एका विषयाचा सखोल अभ्यास. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अर्थ बदलला. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्याप्रमाणे तीन वर्षांत १२० क्रेडिट पूर्ण केल्यावर साधी पदवी आणि चौथे वर्ष करून १६० क्रेडिट झाल्यावर ऑनर्स पदवी मिळते. या चौथ्या वर्षातही दोन वाटा आहेत. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त गुण असलेल्या विद्यार्थ्याला 'संशोधनासह ऑनर्स' घेता येते, आणि त्यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प मार्गदर्शकाच्या हाताखाली करावा लागतो. बाकीच्यांना त्या प्रकल्पाऐवजी तेवढ्याच क्रेडिटचे जादा पेपर असतात. पदवीच्या कागदावर दोन्हींना ऑनर्सच म्हटलेले असले तरी एकात मुलगी वर्षभर स्वतःच्या प्रश्नामागे धावते, आणि दुसऱ्यात ती आणखी तीन पेपरांची परीक्षा देते. आमच्या ओळखीतल्या दहांपैकी नऊ पालकांना हा फरक माहीत नव्हता, आणि एप्रिलपर्यंत मलाही नव्हता.

हा फरक लहान नाही, कारण पुढच्या वाटा त्यावर अवलंबून आहेत. आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांप्रमाणे चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असलेल्या विद्यार्थ्याला एम.ए., एम.एस्सी. न करताही पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. चौथे वर्ष झालेल्यांसाठी पदव्युत्तर पदवी एका वर्षाची करण्याची तरतूदही आता आहे. म्हणजे इथे चार वर्षे आणि बाहेर एक वर्ष असा हिशेब जुळू शकतो. विज्ञानाच्या मुलांच्या बाबतीत तर आयआयटीतला एम.एस्सी.चा प्रवेश 'जॅम' या संगणकावर घेतल्या जाणाऱ्या परीक्षेवर होतो, आणि तिच्या गुणांत कॉलेजच्या नावाला जागा नसते. मोठ्या संस्थेचे दार बारावीनंतरच उघडते आणि मग कायमचे बंद होते, ही आपल्या घराघरांतली समजूत निदान विज्ञानाच्या मुलांपुरती तरी खरी नाही.

अमेरिकेत हाच प्रश्न फार जुना आहे. माझा मावसभाऊ तिथे असतो; त्याच्या मुलाच्या वेळी राज्य विद्यापीठातल्या ऑनर्स कॉलेजात जावे की त्याहून वरच्या क्रमांकाच्या खासगी विद्यापीठात, यावरची खलबते मी कित्येक रविवार फोनवर ऐकली आहेत. तिथे ऑनर्स म्हणजे चौथे वर्ष नव्हे, मोठ्या विद्यापीठाच्या पोटातले एक छोटे, निवडक कॉलेज. पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजात १९२२ साली फ्रँक आयडेलॉट यांनी निवडक विद्यार्थ्यांसाठी छोटे चर्चावर्ग आणि शेवटी बाहेरच्या परीक्षकांकडून परीक्षा अशी पद्धत सुरू केली, आणि पुढे ॲरिझोना स्टेट, पेन स्टेट यांसारख्या राज्य विद्यापीठांनी हुशार मुले राज्यातच राहावीत म्हणून स्वतंत्र ऑनर्स कॉलेजे उभारली. तिथल्या अभ्यासकांनी या निवडीचे परिणामही तपासले आहेत. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी १९७६ साली कॉलेजात दाखल झालेल्या विद्यार्थ्यांच्या पुढच्या कमाईवरचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांना मोठ्या कॉलेजांत प्रवेश मिळत होता आणि तरी जे कमी नावाच्या कॉलेजात गेले, त्यांची कमाई मोठ्या कॉलेजात गेलेल्यांइतकीच निघाली. मात्र गरीब घरांतल्या मुलांना मोठ्या कॉलेजचा फायदा झालेला दिसला.

एवढेच सांगून थांबलो तर ते अर्धे सांगणे होईल. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी २०२३ मध्ये तिथल्या मूठभर सर्वोच्च विद्यापीठांबद्दल जे मांडले, त्यातही सरासरी कमाईत फारसा फरक आढळला नाही. पण कमाईत अगदी वरच्या एक टक्क्यात पोहोचण्याची शक्यता सुमारे दीडपट आणि नावाजलेल्या कंपन्यांत काम मिळण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट झालेली आढळली. म्हणजे नावाला किंमत आहे. ती कुणाला मिळते आणि कशासाठी मिळते, हे प्रत्येक घराने आपापल्यापुरते पाहायला हवे. ज्या मुलाच्या घरात त्याच्याआधी कुणी कॉलेजात गेलेले नाही, ज्याला अर्ज कसा करावा आणि शिष्यवृत्ती कुठे मिळते हे सांगणारे कुणी नाही, त्याला मोठ्या कॉलेजातले सोबती आणि तिथली ओळख आयुष्यभर पुरते, हे मी नाकारत नाही. सांगे-काणकोणच्या एखाद्या मुलाला दिल्लीत चांगल्या ठिकाणी शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळत असेल तर मी स्वतः त्याच्या घरी जाऊन 'पाठवा' म्हणेन. विषयच इथे नीट शिकवला जात नसेल तर प्रश्नच मिटला.

माझा आक्षेप आहे तो न विचारता बाहेर पाठवण्याला. ही सवय आपल्याला कुठून लागली याचा मी पुष्कळ विचार केला आहे. गोवा मुक्त होईपर्यंत इथे लिसेव म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक विद्यालय होते, १८४२ पासूनची वैद्यकीय शाळा होती, पण कला-विज्ञानाचे कॉलेज नव्हते. ज्याला पदवी हवी त्याला बेळगाव, धारवाड, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. माझे थोरले काका असेच ट्रंक घेऊन बेळगावला गेले होते, आणि त्याच्या कितीतरी आधी, १८९९ साली, साखवाळचे धर्मानंद कोसंबी ज्ञानासाठी घर सोडून पुण्याला गेले होते. त्या पिढ्यांना बाहेर जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. मुक्तीनंतर १९६२ मध्ये पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले ही कॉलेजे निघाली, १९८५ मध्ये गोव्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. तरी 'शिकला म्हणजे बाहेर जाऊन आला' हे समीकरण आमच्या डोक्यातून गेले नाही. गरज संपून साठ वर्षे झाली, सवय तशीच राहिली.

आणि संशोधनाच्या बाबतीत तर हा प्रदेश मुळीच दरिद्री नाही. पुराभिलेखांची परंपरा १५९५ पासूनची आहे. पणजीतल्या पाट्टोवरचे कृष्णदास शामा ग्रंथालय १८३२ मध्ये सुरू झालेल्या संस्थेचे आजचे रूप आहे. दोना पावलला १९६६ पासून राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्कोत ध्रुवीय आणि महासागर संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे, जुने गोव्याला किनारी शेतीवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे. धाकटीला वनस्पतिशास्त्रात रस आहे. नार्व्याच्या बाजूला नदीकाठी खाजनाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यालगतच्या शेतजमिनीच्या, बांधाला लागून जी खारफुटी वाढते, तिच्या बिया भरतीच्या पाण्याबरोबर मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, आत येऊन शेतात कशा रुजतात, हे ती दहावीपासून वहीत टिपून ठेवते. हा तिचा प्रश्न पुण्याच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली तर तो तिथे चित्रातलाच राहील. इथे राहिली तर ओहोटीच्या वेळी चप्पल हातात घेऊन बांधावर जाता येईल.

पण हे सगळे जवळ असणे आणि ते विद्यार्थ्याच्या हाती येणे, यांत फार अंतर आहे, आणि माझ्या पत्राचा खरा विषय तोच आहे. गोव्यात चार वर्षांचा अभ्यासक्रम २०२३-२४ मध्ये सुरू झाला, म्हणजे पहिल्या तुकडीचे चौथे वर्ष येते २०२६-२७ मध्ये. 'तुमच्या मागच्या मुलांचे काय झाले?' असे विचारण्याची सोय पालकांना नाही. राष्ट्रीय क्रमवारी, जी एनआयआरएफ म्हणून २०१६ पासून जाहीर होते, ती संपूर्ण संस्थेला एक आकडा देते. त्यात लोकांच्या मनातल्या प्रतिमेलाही गुण असतात, आणि अमुक कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रकल्पाला मार्गदर्शन कोण करणार, हे त्यातून कळत नाही. म्हणून थोरलीने वहीच्या एका पानावर प्रश्न लिहून दिले आणि मी व धाकटी ते पान घेऊन चार कॉलेजांत गेलो. या विभागात पीएच.डी.चे मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले कायम प्राध्यापक किती? संशोधनासह ऑनर्सला किती मुले घेणार, आणि ७५ टक्क्यांवर जास्त मुले आली तर निवड कशी करणार? एका मार्गदर्शकाकडे किती मुले असतील? प्रयोगशाळा तासांनंतर उघडी असेल का? बाहेरच्या संशोधन संस्थेत काम करायचे तर कॉलेज लेखी व्यवस्था करून देते का? चौथ्या वर्षाची फी किती?

दोन कॉलेजांत कार्यालयातल्या कारकुनांनी आम्हाला माहितीपुस्तिका दिली आणि तिच्यात सगळे आहे असे सांगितले. तिच्यात संस्थापकांची छायाचित्रे, क्रीडा महोत्सव आणि गणवेशाचे नियम होते. तिसऱ्या ठिकाणी एका प्राध्यापकांनी 'ते तीन वर्षांनंतरचे आहे, आताच कशाला काळजी?' असे विचारले. मला त्यांचा राग आला नाही, कारण त्यांनाही वरून काही सांगितलेले नसावे. पण तीन वर्षांनंतर माझ्या मुलीला कळले की मार्गदर्शक एकच आहे आणि जागा चारच आहेत, तर तोपर्यंत तिची बाहेर जाण्याची वेळ टळलेली असेल. थोरलीला नावाच्या भरवशावर पाठवले, आता धाकटीला 'ऑनर्स' या शब्दाच्या भरवशावर ठेवावे, असे मला करायचे नाही.

चौथ्या कॉलेजात विभागप्रमुख बाई स्वतः भेटल्या. त्यांनी पान हातात घेऊन एकेका प्रश्नापुढे पेनने उत्तर लिहिले, आणि दोन प्रश्नांपुढे 'अजून ठरलेले नाही' असेही लिहिले. मग धाकटीला प्रयोगशाळेत नेऊन एक खण उघडून दाखवला. त्यात जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबून वाळवलेली खारफुटीची पाने होती, प्रत्येकावर ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव. 'ही चोडणची. नार्व्याची आमच्याकडे नाहीत,' एवढेच बाई म्हणाल्या. परत येताना बसमध्ये धाकटी बराच वेळ गप्प होती, आणि डिचोलीच्या बसस्थानकावर उतरल्यावर म्हणाली, 'बाबा, मला तिथेच जायचं आहे.' तिच्या हातात तेव्हा पुण्याच्या एका मोठ्या स्वायत्त कॉलेजच्या प्रवेशाचा ईमेलही होता. तिने तो नाकारला. हा तिचा निर्णय आहे आणि दुसऱ्या कुणाच्या मुलीने उलटा घेतला तर तोही योग्य असू शकेल, मात्र तो अशीच उत्तरे हाती घेऊन घेतलेला असावा.

आणखी एक अडचण वेळापत्रकाची आहे. दिल्ली विद्यापीठात २०२२ पासून प्रवेश सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेशपरीक्षेवर होतात आणि जागावाटपाच्या याद्या येईपर्यंत जुलै-ऑगस्ट उजाडतो. तोवर इथले प्रवेश आटोपलेले असतात. त्यामुळे अनेक पालक इथे फी भरून जागा अडवून ठेवतात, मुले दोन महिने अर्ध्या मनाने वर्गात बसतात, आणि यादीत नाव आले की निघून जातात. ज्या मुलाला ती जागा मनापासून हवी होती, तो तोवर दुसऱ्या विषयाला गेलेला असतो. यावर उपाय एकट्या कॉलेजला करता येणार नाही, हे मान्य आहे. पण इथे काय मिळणार हे एप्रिलमध्येच कळले, तर निदान काही मुले तरी अडवून ठेवण्यासाठी नव्हे, शिकण्यासाठी प्रवेश घेतील.

म्हणून गोवा विद्यापीठाला, उच्च शिक्षण संचालनालयाला आणि सर्व संलग्न व स्वायत्त कॉलेजांना माझी आग्रहाची विनंती आहे. प्रवेश अर्ज खुले होण्याआधी प्रत्येक विभागाने चौथ्या वर्षाची स्थिती एका पानावर लिहून सूचनाफलकावर आणि संकेतस्थळावर लावावी: मार्गदर्शक किती, जागा किती, निवडीची पद्धत कोणती, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय किती वेळ उघडे, बाहेरच्या कोणत्या संस्थेशी लेखी करार, फी किती. जे अजून ठरलेले नाही तिथे 'ठरलेले नाही' असे लिहावे. त्याने कॉलेजची अब्रू जात नाही, उलट आमच्यासारख्यांचा विश्वास बसतो. विद्यापीठाने हीच पाने एकत्र करून तालुक्यातालुक्यांतल्या हायर सेकंडरी शाळांत पाठवली, तर गावातल्या ज्या पालकाला चार कॉलेजांच्या पायऱ्या चढायला रजा मिळत नाही, त्यालाही ती वाचता येतील. ही पाने आमच्या प्राथमिक शाळांतून वाटण्याची वेळ आली, तर शिक्षक म्हणून मी माझ्या केंद्रातल्या शाळांची जबाबदारी आनंदाने घेईन.

थोरलीने प्रश्नांचे ते पान स्वच्छ अक्षरांत पुन्हा लिहून त्याच्या वीस प्रती काढल्या आहेत. ज्यांना हवी त्यांनी आमच्या शाळेत दुपारी साडेबारानंतर यावे. उत्तरे मिळवण्यासाठी कुठे जायचे तेही सांगू.

आपला,
एक पालक व प्राथमिक शिक्षक,
डिचोली, गोवा